लेकीच्या बाकावर

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती आणि तिथे तिला सगळे घडीबाई म्हणत. गरम चादर इस्त्रीच्या रोलरमधून बाहेर आली की दोन टोकं धरून ती असा झटका द्यायची की कोपऱ्यावर कोपरा बसायलाच हवा. नवीन बाई कामाला लागली की मुकादम तिला सांगायचा, "घडीबाईंकडे बघून शिका. माझ्याकडे बघू नका, मला माझा शर्टसुद्धा नीट घालता येत नाही." एकवीस वर्षं ती हे काम करत होती. बारावीला कॉमर्स घेऊन चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पुढे शिकायचंही ठरलं होतं. पण वडिलांनी अंथरूण धरलं, मग लग्न झालं, मुलगी झाली आणि शिक्षण राहून गेलं ते गेलंच.

वर्षातून एकदा हॉस्पिटलचे हिशेब तपासायला एक सीए बाई यायच्या. चादरींची मोजणी जुळते का, हे बघायला त्या एका वर्षी थेट तळघरात उतरल्या. मुकादम ताडकन उभा राहिला, स्टोअरकीपरला घाम फुटला. बाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. वहीत एका ओळीवर पेन्सिल टेकवून एवढंच विचारलं, "या चाळीस कुठे गेल्या?" घडीबाईच्या मनात ते घर करून बसलं. त्या दिवशी घरी जाताना तिने ठरवून टाकलं, आपली मुलगी सीए होणार. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिला विचारायचं काही कारणच नव्हतं.

मुलीला तिचा बाप साहेब म्हणायचा. तो बस डेपोत मेकॅनिक होता, बोलायला कमी, पण लेकीशी थट्टा केल्याशिवाय त्याला घास जायचा नाही. "साहेब, जेवायला येता का, की फाईल वाचून येता?" मुलगी हसायची आणि पुस्तक घेऊनच ताटावर बसायची. बारावी झाल्यावर तिला सीएच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला घातलं. चार पेपर असायचे : हिशेब, कायदा, गणित आणि अर्थशास्त्र. क्लास एका दुकानावरच्या माडीवर होता, सकाळी सात ते दहा. मुलगी तिसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसायची. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. सगळेच होतात पहिल्यांदा, असं म्हणून घडीबाईने तिला पुन्हा बसवलं.

अधूनमधून रविवारी क्लासमध्ये सराव परीक्षा असायची. दोन वेळा मुलीने डोकं दुखतंय म्हणून ती बुडवली आणि दुपारी ठणठणीत उठून बसली. तिसऱ्या वेळी ती सकाळीच कपाळ धरून ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"आई, डोकं खूप दुखतंय."

"तुझं डोकं बरं पेपरच्याच दिवशी दुखतं."

"खरंच गं. उजेडाकडे बघवत नाहीये."

"गोळी घे आणि नीघ. तीन तासांचा तर पेपर आहे, आल्यावर झोप."

मुलगी गेली. तासाभरात ती बाकावरच ओकली आणि मग तिला उभं राहता येईना. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण होती, जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. तिने आणि हिशेबाच्या सरांनी मिळून तिला हॉस्पिटलमध्ये आणलं, घडीबाईच्याच हॉस्पिटलमध्ये. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. चार दिवस ती तिसऱ्या मजल्यावर होती. तिच्या अंगाखालच्या चादरीवर घडीच्या रेषा अजून दिसत होत्या आणि त्या कुणाच्या हातच्या आहेत, हे घडीबाईला बघताक्षणी कळलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी मुलगी गेली.

डॉक्टरांना तिने एकच प्रश्न विचारला. "सकाळीच आणली असती तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मायेनेच म्हटलं असेल. पण तिला हो किंवा नाही यातलं काहीतरी हवं होतं.

तीन आठवड्यांनी ती मुलीची पुस्तकं आणायला क्लासमध्ये गेली. सरांनी पिशवी बांधूनच ठेवली होती. वर सराव परीक्षेचा अर्धवट पेपर होता. पहिल्या काही ओळी नीट अक्षरात, मग अक्षर उतरत गेलेलं, मग नुसती एक रेघ.

"यात काय विचारलं होतं?" तिने विचारलं.

सरांनी जरा घुटमळत समजावलं. भागीदारीत नवा भागीदार येतो, तेव्हा जुन्यांचे वाटे कसे बदलतात, याचं गणित होतं. तिला त्यातलं निम्मंही कळलं नाही. बाहेर मुलं जमायला लागली होती.

"मी बसू का थोडा वेळ?"

सरांना नाही म्हणता आलं नाही. ती तिसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसली. ती जागा तोवर कुणी घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि तिसऱ्या दिवशी येताना वही-पेन घेऊन आली. मुकादमाला सांगून तिने लाँड्रीत कायमची दुपारची पाळी घेतली.

पोरं आधी बिचकली. ती आत आली की बडबड बंद व्हायची, जशी काही हेडमास्तरीणच आली. मग हळूहळू सवय झाली आणि सगळे तिला काकू म्हणायला लागले. एकदा सरांनी यंत्राचा घसारा शिकवायला घेतला. तीनदा सांगूनही वर्ग ढिम्म. शेवटी सर म्हणाले, "काकू, तुम्ही सांगा बघू."

"आमचा रोलर आहे ना," ती म्हणाली, "तो रोज थोडा थोडा मरतो. साहेब लोकांना तो एकदम बंद पडल्यावर कळतं. तसं होऊ नये म्हणून दर वर्षी किती मेला ते लिहून ठेवायचं."

वर्ग हसला, सरही हसले. "पुस्तकात एवढं सोपं नाही लिहिलेलं," ते म्हणाले. त्या दिवशी ती तिच्याही नकळत हसली आणि घरी जाईपर्यंत त्याबद्दल स्वतःला खात राहिली.

अभ्यास ती मुलीच्याच वह्यांवरून करायची. पहिल्या चार धड्यांची गणितं नीटनेटकी होती. पाचव्यापासून मात्र वहीत नुसतं फळ्यावरचं उतरवलेलं होतं आणि समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं काढलेली होती. एकेका पानावर चार-चार, पाच-पाच. घडीबाई स्वतःही नेमकी तिथेच अडली. आठ दिवस डोकेफोड केली तरी नव्या भागीदाराचं गणित सुटेना. तेव्हा पहिल्यांदा तिला कळलं की पोरगी आळशी नव्हती.

"सर, तिने या खुणांचं कधी विचारलं नाही का तुम्हाला?"

सरांनी वही चाळली. "नाही. मी एकदोनदा म्हटलं, अडलं तर विचार. म्हणाली, तुम्ही घरी सांगाल."

ती वही घेऊन जाग्यावर येऊन बसली. चष्मेवालीने आपली वही तिच्याकडे सरकवली आणि पाचवा धडा पहिल्यापासून समजावून सांगायला घेतला. पुढे दोन महिने ती रोज क्लास सुटल्यावर अर्धा तास थांबायची.

नवऱ्याला हे जाणं पसंत नव्हतं. बरेच दिवस त्याने तोंड उघडलं नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी ती गणितं सोडवत बसलेली असताना तो समोर येऊन बसला.

"तू तिथे जाऊन काय शोधतेस?"

"ती दिवसभर काय करत होती, ते मला बघायचंय."

"बघून?"

तिने पेन खाली ठेवलं. मनात इतके दिवस दाबून धरलेलं एकदाच बोलून टाकलं. "त्या दिवशी ती डोकं दुखतंय म्हणाली होती. मी ढकलून पाठवली."

"मला माहीत आहे. तिच्या मैत्रिणीने हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं."

"मग बोलला नाहीत कधी?"

तो हाताच्या नखातलं काळं काढायला लागला. डेपोतलं ते काळं कधीच पुरतं निघायचं नाही. "स्टॉपपर्यंत मीच सोडलं ना तिला. मलाही म्हणाली, बाबा, नको वाटतंय जायला. मी म्हटलं, आईला विचारलंस का? ती म्हणाली, विचारलं. मग मी बसमध्ये बसवून दिली."

बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात, त्यांचं काही झालं नाही. उलट त्या दिवसापासून घरात भांड्याला भांडं लागलं तरी दोघं दचकायला लागले.

बारावी पास झालेल्या कुणालाही या परीक्षेला बसता यायचं, वयाची अट नव्हती. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिने फॉर्म भरला. का भरला, हे तिला सरांनाही सांगता आलं नाही. नवऱ्याला तिने नुसतं प्रवेशपत्र दाखवलं. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "केस जरा विंचरायचे होतेस."

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. दारातल्या पर्यवेक्षकांनी तिला अडवलं. "पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं."

"मी परीक्षेला आलेय."

त्यांनी प्रवेशपत्र घेतलं, फोटो बघितला, तिला बघितलं आणि बाजूला झाले. बाक लहान होते, तिचे गुडघे वर टेकत होते. हिशेबाचा पेपर बरा गेला, नव्या भागीदाराचं गणित आलं होतं आणि ते सुटलं. कायद्याचा जेमतेम. गणितात प्रत्येक चुकीच्या उत्तराला मार्क कापायचे, म्हणून तिने येत होतं तेवढंच केलं आणि निम्मा पेपर कोरा सोडला. तरी अर्थशास्त्राची तिची चांगली तयारी होती. काठावर का होईना, होईल पास, असं सर म्हणत होते.

अर्थशास्त्राच्या पेपरला तास झाला असेल. पुढे दोन बाक सोडून एक मुलगी होती, अठरा-एकोणीसची. तिने कपाळ दाबलं, मग डोळ्यांवर हात धरले आणि मग बाकावर डोकं टेकवलं. घडीबाईने एक प्रश्न वाचला आणि वर बघितलं. मुलगी तशीच. दुसरा प्रश्न वाचला, अक्षरं लागेनात. ती उभी राहिली.

"सर, त्या मुलीला बघा. तिला बरं नाहीये."

"बसा, बसा. आपल्या पेपरकडे लक्ष द्या."

"अहो, तिचं डोकं दुखतंय. बघा तरी."

"बाई, खाली बसा."

ती बसली नाही. बाक ओलांडून ती मुलीपाशी गेली, तिच्या कपाळाला हात लावला, डॉक्टरांनी लेकीची बघितली होती तशी मान वाकते का बघायला लागली. मुलगी दचकून उठली. "काय झालं? कोण तुम्ही?"

"डोकं दुखतंय ना तुझं? उजेड सहन होतोय का? मला खरं सांग."

"झोप झाली नाहीये फक्त. सोडा ना मला."

पर्यवेक्षक धावत आले. दुसऱ्या परीक्षार्थीशी बोलणं, जागा सोडणं, नियम स्पष्ट होता. तिने पेपर मुकाट्याने दिला. वर्गाबाहेर नेताना ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या तुम्ही, तुम्हाला कळत कसं नाही?" ती म्हणाली, "त्या मुलीला पाणी द्या." तेवढं त्यांनी दिलं.

पेपर सुटल्यावर ती मुलगी तिला फाटकापाशी दिसली. ठणठणीत होती. घडीबाई पुढे झाली तशी ती म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे माझी दहा मिनिटं गेली. शेवटचे प्रश्न राहिले माझे."

"चुकलं माझं," घडीबाई म्हणाली. "घरी जाऊन झोप."

मुलगी न ऐकता निघून गेली होती.

निकाल लागला तेव्हा तो नवऱ्यानेच डेपोतून बघितला. शेवटचा पेपर बाद धरला होता, त्यामुळे ती नापास होती. चष्मेवाली पास झाली, पेढे-बिढे न वाटता नुसती येऊन पाया पडून गेली. सरांनी बोलावून घेतलं. "सहा महिन्यांनी पुन्हा बसा. हिशेबात एकसष्ट आहेत तुम्हाला, पोरांना पडत नाहीत एवढे."

"नाही सर. आता ती जागा दुसऱ्या कुणाला द्या."

तिने पुन्हा सकाळची पाळी घेतली. लाँड्रीत कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या मजल्याचं गाठोडं आलं की मुकादम ते तिच्या टेबलावरून आपण होऊन उचलायचा आणि दुसरीकडे द्यायचा. तिला वाटलं होतं, परीक्षा झाली की काहीतरी संपेल. संपलं काहीच नाही, फक्त क्लास सोडल्यावर मोकळी झालेली सकाळ कामाने भरून गेली.

त्यानंतर तिच्या एका सुट्टीच्या दिवशी नवरा जेवणं झाल्यावर उठला नाही. रिकाम्या ताटाकडे बघत बसला.

"ते काय असतं गं," तो म्हणाला, "ज्यात ती अडली होती?"

तिने कागद घेतला, रेघा आखल्या. दोन भागीदार, त्यांचे वाटे, मग तिसरा आला. कुणी किती सोडलं, कुणाचं किती उरलं. तिने सावकाश सगळं सांगितलं. तो कागदावर बोट ठेवून ऐकत होता. मध्येच तो चुकला, तिने पुन्हा मागून सुरुवात केली. तीन वेळा सांगून झालं.

"अवघड होतं की गं," तो म्हणाला.

"हो. अवघडच होतं."

मग डेपोची वेळ झाली म्हणून तो उठला आणि ती ताटं उचलायला लागली.