पेजेतली गोळी

आमच्या शेजारची हिरा मासे विकते. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला एका शब्दात गप्प करणारी बाई, पण मुलाच्या दुखण्यापुढे तिचीच बोलती बंद झाली. तिचा अजिंक्य बोटीवर खलाशी होता. गणपतीला घरी आला, तो परत गेलाच नाही. न दिसणारी माणसं कानाशी बोलतात, जेवणात विष घालतात, असं म्हणायचा. बोटीवरचं जेवण त्याने आधीच सोडलं होतं, मग नातेवाइकांचंही सोडलं. खायचा ते फक्त आईच्या हातचं.

देवळात कौल लावून झाला. गुरवाने दिलेला अंगारा हिरा सकाळच्या पेजेत कालवायची. अजिंक्यला ते ठाऊक होतं. देवाचं म्हणून निमूट प्यायचा.

दिवाळीनंतर तोच म्हणाला, "आये, मला डॉक्टरकडं ने. डोक्यातली माणसं गप्प बसत नाय." बावीस वर्षांचं पोर स्वतःहून म्हणालं, हे आमच्या वाडीतल्या शहाण्यांनी लक्षात ठेवावं. आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात, तिथे मीही हिरा आणि अजिंक्यबरोबर गेले. गोळ्या मिळाल्या. तिथल्या नम्रता सिस्टरांनी हिराला बजावलं, "नको म्हणाला तर इकडे घेऊन या, डोस बदलता येतो. पण लपवून देऊ नका."

थोडे दिवस त्याने गोळी घेतली. झोप लागू लागली. मग अंग जड होतंय म्हणून बंद केली.

हिराचा नवरा गुणाजी घाबरला. आमच्याकडे एखाद्याला 'रत्नागिरीला न्या' म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो, तिथलं वेड्यांचं इस्पितळ, आणि ते शब्द त्याला लोकांच्या तोंडून ऐकायचे नव्हते. तो हिराला म्हणाला, "अंगारा जातो तशीच गोळी जाऊ दे. त्याला काय कळतंय?"

त्याला कळलं. अंगारा काळपट असतो, त्या सकाळी पेजेच्या वाटीच्या तळाला गोळीचा पांढरा गाळ राहिला होता. अजिंक्यने त्यात बोट फिरवलं. ओरडला नाही, वाटी फेकली नाही. "म्हणजे ते खरंच सांगत होते," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो स्वतः सोललेली केळी आणि स्वतः फोडलेले नारळ यांवर राहिला. नम्रता सिस्टर घरी आल्या, तासन्‌तास ओटीवर बसल्या, त्याला सगळं खरं सांगितलं. हिराने त्याच्यासमोर चूक कबूल केली. तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला. आता गोळी स्वतः घेतो. आवाज पुष्कळ कमी झालेत, बंदरावर जाळी दुरुस्त करायला जातो, आमच्याकडे हक्काने जेवतो. फक्त आईच्या हातचं खात नाही.

परवा हिरा मागच्या दाराने बांगड्याच्या कालवणाचा टोप घेऊन आली. "विमलवैनी, तू केलंस म्हणून वाढ त्याला."

मला रागच आला. "पुन्हा लपवाछपवी? वाढीन, पण तुझं म्हणूनच वाढीन."

अजिंक्य जेवायला आला तशी ती दाराआड उभी राहिली. मी पानात कालवण वाढलं आणि म्हटलं, "अजिंक्य, आयशीनं केलंय."

त्याचा हात भातापर्यंत गेलाही. मग पान हळूच बाजूला सारून म्हणाला, "काकी, दुसऱ्या पानात नुसता भात वाढशील?"

तो गेल्यावर हिरा आत आली. "पोटभर जेवला ना गो?"

"जेवला," मी म्हटलं, आणि जवळजवळ भरलेला टोप तिच्या हातात दिला.