बिनक्लचची गाडी आणि चालू मोटरीची विहीर

देवानं मला दोन पाय दिले आणि त्यातला डावा लहानपणीच्या तापात अर्धा परत घेतला. म्हणजे आहे जागेवर, चप्पल घालते त्याला, पण जोर म्हणाल तर नाही. क्लच दाबायचा तो नेमका डाव्या पायानं. त्यामुळे मोटार चालवणं आपल्या नशिबात नाही, असं मी धरून चालले होते.

मग देशाची दारं उघडली म्हणतात तो काळ आला. बाहेरच्या कंपन्यांच्या मोटारी आपल्या रस्त्यांवर दिसायला लागल्या. आमच्या बुऱ्हाणपुरात नवं काही सरळ येत नाही, आधी इंदूरकरांनी वापरायचं, मग आमच्याकडे यायचं. तशीच इंदूरच्या एका साहेबांनी वापरून सोडलेली, चांगलीच जुनी, बिनक्लचची गाडी आमच्या घरी आली. एक पाय ब्रेक आणि रेसला, बाकी गेर आपोआप पडणार. मी ती केळीच्या वावरातल्या गाडीवाटेवर शिकले. शिकवलं कोणी नाही, पण केळीची खोडं मऊ असतात, आणि दिराचा स्वभावही.

बुधवारा पेठेत आमचं घर, आणि इच्छापूरकडे वावर. ते वावर धाकटे दीर पाहायचे. गाडी आल्यापासून मनात आलं की मी उठायचे आणि वावरात जायचे. कोणाला "सोडता का" विचारायचं नाही, बसमध्ये चढताना कोणाचा हात धरायचा नाही. ज्यांचे दोन्ही पाय धड आहेत त्यांना यातलं सुख कळायचं नाही, आणि कळू नये असंच मी म्हणेन.

त्या वर्षी नवरात्रात आम्ही नवराबायको वावरातच राहायला होतो. आमच्याकडे खंडेनवमीला शेतातली सगळी यंत्रं सुट्टीवर. ट्रॅक्टर, मोटर, फवारणीचे पंप, सगळ्यांना आंघोळ, तेलपाणी, हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. दिरांचा हा वर्षाचा मोठा सण. दिवाळीला ते स्वतः नवे कपडे घेणार नाहीत, पण नवमीला ट्रॅक्टरला नवी सीट घेतील. माझी गाडीही त्या रांगेत उभी होती, माळ घालून, नवरीसारखी.

दसरा करून परत निघालो तर गाडी रुसलेली. रेस दिली की इंजिन गुरगुरायचं आणि गाडी विचार करत बसायची. मला वाटलं, डिकीत केळीचे घड आहेत, पोतं आहे, ओझं झालं असेल. पण घड वाटून संपले तरी रुसवा जाईना. सकाळी तर फारच. गेर टाकल्यावर बऱ्याच वेळानं कुठे ती हलायची, आणि डावीकडे जोरात वळलं की मधेच सुटल्यासारखी व्हायची. एकदा आमच्याच गल्लीच्या वळणावर बसली. पुढे भाजीची हातगाडी, मागे रिक्षा. इंजिन ओरडतंय, चाक हलत नाही. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, गाडी में हो या घर में?" लोकांनी ढकलत घरी आणली.

आमच्या भागातले मिस्त्री आले. हाताला चांगले, माणूसही चांगला. त्यांनी बोनेट उघडलं, गेरच्या तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली.

"तेल तो बराबर है, भाभीजी. निशान पे है."

मग चालवून पाहिली आणि मान हलवली. "अंदर की प्लेटें घिस गईं. गेर का डब्बा गया समझो."

"मग आता?"

"सादा डब्बा बिठा देते हैं, क्लचवाला. कबाड़ में मिल जाएगा."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, आणि बिचारे पट्टी पुन्हा पुसायला लागले.

दोन दिवस गेले. मग जेवताना आमचे हे हळूच म्हणाले, "खंडव्याचा एक जण आहे. आहे तशी घेतो म्हणतो. रविवारी येईल."

"मला न विचारता?"

"अगं, इच्छापूरच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधे अशी बसली तर? मी काय करू इथे बसून?"

काळजी खरी होती, म्हणून भांडताही येईना. खोट्या काळजीशी मी छान भांडते.

शनिवारी मी वावरात गेले. बसनं. कंडक्टर म्हणाला, "हात द्या, बाई," आणि अख्खी बस माझं चढणं पाहत बसली. खिडकीशी बसून मी मनात म्हटलं, हे असंच राहणार असेल तर मी वावरात जाणं कमी करीन, मग बंद करीन, मग लोक म्हणतील, वय झालं. वय झालेलं नसतं हो. गाडी गेलेली असते.

वावरात पोचले तर दीर विहिरीच्या काठावर बसलेले. मोटर चालू, पण पाइपातून पाणी कमी आणि फुसफुस जास्त.

"काय झालं, भाऊजी?"

"हवा धरतेय, वहिनी. पाणी उतरलं की नळीचं तोंड उघडं पडतं. मग पाण्याबरोबर हवा ओढते. मोटर फिरते, केळीला काही पोचत नाही."

"सकाळी तर तुम्ही दोरी टाकून मोजलं असेल?"

"मोजलं ना. भरलेली होती. पण ती मोटर बंद असतानाची भरलेली. चालू झाली की पाणी पाइपात चढतं, वाफ्यात जातं. चालू असताना जे उरतं ते खरं."

मी काठीवर भार देऊन तिथेच उभी राहिले. मोटर फिरते, पोचत नाही. इंजिन ओरडतं, चाक हलत नाही. आणि वळणावर का सुटते? बादली हातात घेऊन वळलात तर पाणी एका कडेला जातंच की! तेल कमी असेल तर वळणावर गेरच्या डब्यात तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडणार. सकाळी का जास्त? तेल थंड असतं, आकसलेलं असतं. गरम झालं की फुगतं, म्हणून दुपारी जरा बरी चालते. पण मिस्त्री म्हणाले होते, तेल बरोबर आहे.

बरोबर आहे, पण गाडी बंद असताना.

"भाऊजी," मी म्हटलं, "नवमीला माझ्या गाडीचं तुम्ही काय काय केलं?"

दिरांचा चेहरा खुलला. "सगळं केलं! धुतली, हवा भरली, इंजिनाचं तेल पाहिलं. आणि ते दुसरं, गेरचं लाल तेल, ते तर खुणेच्या वर होतं. त्या इंदूरच्या शहाण्यानं जास्त भरून ठेवलेलं. जास्तीचं तेल सील फोडतं, वहिनी. मी पिचकारीनं ओढून अगदी खुणेवर आणलं."

"गाडी चालू होती का बंद?"

"बंद. चालू यंत्राचं तेल कोण पाहतं?"

 मी नुसतं विहिरीकडे पाहिलं. तेही पाहायला लागले. मोटर फुसफुस करत होती. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"वहिनी... ते तेल मी फेकलेलं नाही."

"कुठे आहे?"

"दारांच्या बिजागऱ्यांना लावलं. थोडं बैलगाडीच्या आसाला."

खरं सांगते, इतके दिवस डोळ्यांत अडलेलं पाणी मला हसताना आलं. त्यांच्यावर काय रागवायचं? माणसानं माझ्या गाडीला आपल्या ट्रॅक्टरच्या बरोबरीनं वागवलं होतं. परतीच्या बसमध्ये दीर माझ्याबरोबर चढले, आणि वाटेत त्यांनी गाडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांच्यासाठी हे उपासापेक्षा अवघड.

रविवारी सकाळी मिस्त्रींना बोलावलं. खंडव्याचा माणूस आधीच येऊन ओट्यावर चहा पीत होता. मी पहिल्यांदा पट्टीवरचं तेल कापसाच्या वातीवर टिपलं. लाल होतं, जरा विटलेलं, पण काळं नाही. वास घेतला, जळका नाही. प्लेटा जळाल्या असत्या तर तेलानं आधी चुगली केली असती, हे मिस्त्रींनीही मान्य केलं.

मग गाडी चालू केली. चांगली गरम होऊ दिली. ब्रेक दाबून धरला आणि गेरचा दांडा एकेका खाचेत नेऊन परत आणला, म्हणजे सगळ्या वाटांनी तेल फिरेल.

"आता पाहा," मी म्हटलं.

"चालू में?"

"चालू में."

मिस्त्रींनी पट्टी काढली. खालच्या खुणेलाही तेल लागलेलं नव्हतं, टोकाला नुसता फेस.

"अरे, ये तो हवा पी रहा है," ते म्हणाले.

माझ्यामागे उभे असलेले दीर घशातल्या घशात म्हणाले, "हवा धरतेय."

बाजारातून तेच लाल तेल आणवलं. दीर ट्रॅक्टरचं देत होते, मी हात जोडले. लांब नळीच्या नरसाळ्यानं थोडं घालायचं, थांबायचं, दांडा फिरवायचा, पट्टी पाहायची. एकदम ओतायचं नाही. जास्त झालं तरी फेस होतो, आणि मग दिरांचंच खरं ठरायचं! दोन खुणांच्या मधे आलं तेव्हा इंजिनाचा आवाजच बदलला. तक्रार करणारं माणूस जेवल्यावर कसं बोलतं, तसा.

आमचे हे माझ्या शेजारी बसले, मिस्त्री मागे. दीर बसायला तयार नव्हते. गेर टाकला आणि गाडी लगेच सरकली, विचार न करता. गल्लीचं वळण मी मुद्दाम जोरात घेतलं. सुटली नाही. तापीच्या पुलाकडून वर येणाऱ्या चढावर थांबवली, पुन्हा उचलली. न गुरगुरता चढली. ह्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. ती सोडली, तेव्हा मला कळलं, गाडी आता विकली जात नाही.

"त्या खंडव्यावाल्याला काय सांगायचं?" ते म्हणाले.

"मी सांगते."

परत आलो तर तो माणूस उठून गाडीभोवती फिरला. "काकू, चांगलं वाजतंय की आता. देताय ना?"

"नाही. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, बसा. स्टेशनवर सोडते."

तो मागे बसला, आणि सबंध रस्ता मिस्त्रींच्याच जागी बसून मिस्त्रींसारखाच कान देऊन ऐकत होता. उतरताना म्हणाला, "कधी विचार बदलला तर..." मी काच वर केली.

घरी जायला उजवीकडे वळायचं होतं. मी वळले नाही. ह्यांना फोन करून कळवलं असतं, पण तेव्हा खिशात फोन कुठे होते? इच्छापूरच्या रस्त्याला लागले. ट्रक होते, त्यांच्या मधून नीट गेले. वावरात कोणी नव्हतं, दीर तर आमच्याच ओट्यावर बसलेले. विहीर एका रात्रीत भरून आली होती. मी मोटर चालू केली आणि काठावर बसून पाणी कुठवर उतरतं ते पाहत राहिले.