बांध सोडला तेव्हा

ती घटना आठवली की आजही घास अडतो. आणि मी जेवताना सहसा अडणारा माणूस नव्हे, हे माझ्या पोटाकडे पाहून कोणीही सांगेल.

शिरूर पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो. न्हावऱ्याकडचा एक तरुण मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, द्यायला आला. वडील सकाळपासून बेपत्ता. आजार विचारला तर "अल्सर हाय," म्हणाला आणि फरशीकडे पाहू लागला.

मिसिंग दाखल केली, तोच खबऱ्याचा फोन. आदल्या संध्याकाळी वडिलांचा चुलतभाऊ त्यांच्या घरी गेला होता. दोघांत बांधावरून जुनं वैर, ठाण्यात दोघांच्याही एकमेकांविरुद्ध एनसी, म्हणजे किरकोळ तक्रारी, पडलेल्या. मला गुन्हा सुटल्यासारखाच वाटला. मिशीवर हात फिरवून चुलतभावाला समोर बसवलं.

"काल कशाला गेलता?"

"बांध सोडायला."

"इतक्या वर्षांनी?"

"सायेब, त्याला कॅन्सर हाय. समद्या गावाला म्हाईत, त्यालाच सांगितलं न्हाई. म्हणलं, जाणाऱ्या माणसाशी वैर कशाला. केळी घेऊन गेलो, म्हणलं बांध तुझाच."

"मग?"

"माझ्या तोंडाकडं बघत राह्यला."

माझी मिशी तिथेच खाली आली. मुलांनी जे लपवलं, ते डझनभर केळ्यांनी सांगून टाकलं होतं.

मुलाला पुन्हा विचारलं. तो रडकुंडीला आला. आप्पांनी, त्याच्या वडिलांनी, पहाटे त्याला गाईचं औषधपाणी, कुठल्या चाऱ्यानं पोट फुगतं, सगळं समजावलं होतं. कधी एवढं बोलत नसत. मुलाची बहीण दौंडला दिलेली. तिला फोन लावला. आप्पा आले होते, नातीच्या मनगटाला स्वतःचं घड्याळ बांधून नुकतेच निघाले होते.

दौंड ठाण्याला कळवलं. मुलाला आणि चुलतभावाला जीपमध्ये घालून निघालो. आप्पा एसटी स्टँडवर सापडले. दौंडचा हवालदार त्यांना चहा पाजत बसला होता. मी शेजारी टेकलो.

"आप्पा, जीव द्यायचं मनात आहे का?"

हवालदार दचकला. मीही थोडा दचकलो.

"व्हय," आप्पा म्हणाले. "पोरं गोड बोलाय लागली तवाच शंका आलती. आन् काल ह्यानं बांध सोडला. मंग राह्यलं काय?"

चुलतभाऊ लांब उभा होता, तो पुढे आला. "सोडला न्हाई. माघारी घेतला. दम असंल तर औषधपाणी कर आन् सरकारी मोजणी आण."

"आणतोच," आप्पा म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला.

मुलाने तिथेच, बाकावर बसून, बापाला रोगाचं खरं नाव सांगितलं. नंतर उपचार झाले, दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे जाणंयेणं झालं. आप्पा पुढच्या वर्षी गेले. आजारानेच, घरी, माणसांत.

तेव्हापासून आजारी माणसाची मिसिंग आली की मी आधी विचारायचो, रोग त्याला सांगितलाय का. आणि माणूस सापडला की त्याच्या मनातलं थेट विचारायचो. विचारल्याने कोणी जीव देत नाही. न विचारता गोड बोलत राहिलं की माणूस एकटा पडतो.

आप्पांच्या अर्जावरून मोजणीवाले आले तेव्हा आप्पा नव्हते. खुणा रोवताना चुलतभाऊ बांधावर उभा राहून भांडत होता म्हणे. एकटाच.