पोराच्या घरची मावशी

"ह्या मावशी आहेत. घरकामाला असतात."

माह्या पोरानं सांगितलं. माह्यासमोर. मी भज्यांचं ताट धरून उभी होती.

कॅनडात, मिल्टनमधलं त्याचं घर. कंपनी त्याले जपानात पाठवत होती, नागोयाले, बायको-पोरीसकट. मलेही नेणार होते. म्हणून ओळखीची मराठी मंडळी निरोपाले आली. सगळी वरच्या जातीची. आमचं आडनाव मेश्राम. ऐकलं की लोकाले जात कळते. पोरानं ते कवाच टाकलं, गावाचं नाव लावलं. पण माही बोली, माहे गोंदलेले हात, ते कुठं टाकणार? मग मलेच टाकलं.

नातीले टॅब देऊन बेसमेंटात बसवलं होतं. ती मले आजी म्हणते ना.

एका बाईनं सुनेची ओटी भरली. मले आपला जुना कोट दिला. बाही उसवलेली.

"घ्या मावशी, जपानातही थंडी असते."

मी पोराकडं पाहिलं. तो म्हणे, "घ्या ना, मावशी."

विटा वाहून शिकवलं त्याले. घेतला मी कोट.

लोक गेले. मी भांडे घासत होती. नात वर आली.

"आजी, व्हाय आर यू मावशी टुडे?"

मग पोरगा हळूच म्हणे, "आई, इथलं सोड. नागोयात आपल्याले कोण ओळखते? तिथं तू आईच."

सून फोनमध्ये पाहत होती. "तिथला मराठी ग्रुप मी जॉइन केलाय," म्हणाली. "गणपतीला सगळे जमतात."

पोरानं मान खाली घातली. मले समजलं. तिथंही भजे मीच तळणार. तिथंही नातीले आत बसवणार.

दोन दिवसांनी ती कोटवाली बाई निरोपाले आणलेला श्रीखंडाचा डबा परत न्यायले आली. दार मी उघडलं. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात साखर घातली होती. वर कोटाची घडी ठेवली.

"मी इथली मावशी नाही. त्याची आई. आमचं आडनाव मेश्राम."

तिनं माह्याकडं पाहिलं. साखरेकडं पाहिलं. कोट उचलला. डबा पायरीवर ठेवला, बर्फात, अन् गाडीत जाऊन बसली.

सून रडली. "आता हे नागोयापर्यंत पोचेल."

पोरगा म्हणे, "तुले काय भेटलं, आई?"

काही नाही भेटलं. त्यांचं तिकीट नागोयाचं, माहं नागपूरचं. गावातल्या घराले छप्पर नाही. वाट पाहणारं कोणी नाही. नात फोनवर किती दिवस बोलेल, मले ठाऊक आहे. पोरगा बदलणार नाही, हेही ठाऊक आहे.

पण विमानतळावर कोणी विचारलं, ही बाई कोण, तर उत्तर मी देईन. पोराले तोंड उघडू देणार नाही.