न वाचता केलेलं मुखत्यारपत्र

आमचा प्लॉट विकला जातोय हे मला शाळेत, डबा खाताना कळलं. कळंबच्या शाळेत मी मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत टेबलावर अंथरायला कुणीतरी जुना पेपर घेतला होता आणि माझ्या डब्यापुढं जाहीर नोटिसांचं पान आलं. येरमाळ्याजवळचा हायवेलगतचा प्लॉट, गट नंबर, चतुःसीमा, मालक म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव. त्याखाली 'तर्फे मुखत्यार' म्हणून माझ्या मोठ्या दिरांचं. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, असं खरेदीदाराच्या वकिलानं छापलं होतं. पेपर पाच दिवस जुना होता.

नवरा फौजेत. तेव्हा उत्तरेला, उंचावरच्या चौकीवर. फोन त्यांनीच करायचा, तोही रेंज मिळेल तेव्हा. त्यांचा फोन यायला आणखी तीन दिवस गेले.

"तुम्ही भाऊजींना मुखत्यारपत्र दिलंय?" मी हॅलोसुद्धा म्हणाले नाही.

"व्हय. शेताची मोजणी अडली होती ना. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सही केली."

"वाचलं होतं?"

"गाडीची वेळ झाली होती. आन् दादाच की तो. त्याच्यापुढं बसून काय वाचायचं?"

"मला का नाही दिलं?"

"बायकोच्या नावानं दिलं की गावात लोक..." पुढचं ते बोलले नाहीत. मला ते ऐकायचंही नव्हतं. घर, सासूबाईंची औषधं, मुलीची शाळा, सगळं वर्षानुवर्षं मी बघायचं आणि सहीचा अधिकार दुसऱ्याला! ते बर्फात उभे आहेत, त्यांच्यावर ओरडू नये, हे मला कळत होतं. तरी ओरडले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ही विक्री थांबवायला नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "मालकांना घेऊन या."

"ते सीमेवर आहेत."

"मग सुट्टीवर आल्यावर या."

दोन महिन्यांपूर्वी याच गावात जवानांच्या कुटुंबांचा सत्कार झाला होता. मला नारळ आणि शाल दिली होती. त्या खिडकीपुढं उभी असताना ती शाल कुणाच्या तरी तोंडावर फेकावीशी वाटली.

शाळेतल्या एका बाईंनी मला एका वकीलबाईंकडं पाठवलं. साठीच्या, स्वतः फौजीची लेक. जवानांच्या घरची कागदपत्रं त्या फुकट करून देतात. त्यांनी मुखत्यारपत्राची नक्कल मिळवली आणि माझ्यापुढं सरकवली. "तुम्ही मराठीच्या ना? वाचा मोठ्यानं."

मी वाचलं. मोजणी करणे, हे एका ओळीत. मग विक्री करणे, गहाण ठेवणे, बक्षीसपत्र करून देणे, ताबा देणे, आमच्या 'सर्व' मिळकतींबाबत. वाचता वाचता माझा आवाज चढला.

"हा छापील नमुना आहे," त्या म्हणाल्या. "मोजणीला गेलेल्या माणसाकडून घरदार लिहून घेतात. शेताची मोजणी पाहिजे तर तेवढंच लिहायचं असतं. आता रडू नका. हे रद्द करता येतं."

मी रडत नव्हते, पण ते सांगायला वेळ नव्हता. त्यांनी मुखत्यारपत्र रद्द केल्याचा मजकूर लिहून दिला, मी तो फोनवर पाठवला. नवऱ्यानं त्यांच्या साहेबांसमोर सही केली, शिक्का घेतला, फोटो पाठवला आणि मूळ कागद स्पीड पोस्टानं. मूळ कागदाची वाट न बघता, फोटोची प्रत जोडून, दिरांना, खरेदीदाराच्या वकिलाला आणि नोंदणी कार्यालयाला, तिघांनाही लेखी कळवलं. हरकतीची मुदत संपायला एक दिवस होता. खरेदीदार मागं सरकला.

चौथ्या दिवशी मोठे दीर घरी आले. चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"भावाला भावानं नोटीस पाठवायची? तूच शिकवलंस त्याला."

"तुम्ही प्लॉट विकताना त्यांना विचारलं होतं, भाऊजी?"

"गावात दोघांचं मिळून घर बांधणार होतो. त्यात तुमाला एक खोली ठेवली असती की."

एक खोली. आमच्याच प्लॉटच्या बदल्यात, तीसुद्धा ठेवली असती. मी दार लावलं. सासूबाईंनी त्या दिवशी औषधं माझ्या हातून घेतली नाहीत.

नवरा सुट्टीवर आले तेव्हा आम्ही आधी वकीलबाईंकडं गेलो. रद्द केल्याचा कागद रीतसर नोंदवला. माझ्या नावानं नवं मुखत्यारपत्र झालं. कोणती कामं मी करायची ते एकेक लिहून, आणि विक्रीचा अधिकार त्यात नको, हे मीच सांगितलं. मग वकीलबाई मृत्युपत्राचं बोलल्या. "मुखत्यारपत्र माणूस असेपर्यंतच चालतं. पुढचं वेगळं लिहावं लागतं."

घरी हे ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "जित्या लेकराचं मृत्युपत्र? लई अभद्र बोलतेस तू!"

पहिल्यांदाच नवरा मध्ये पडले. "आई, माझ्या तुकडीत दोघांच्या घरी भांडणं चालूयत. ते दोघं आता सांगायला न्हाईत." त्यांनी दोन साक्षीदारांसमोर सही केली, तीही प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून. वाचताना दोनदा थांबले, पाणी प्यायले. शेतातला वाटा आईच्या हयातीपर्यंत तिच्या उपयोगासाठी, प्लॉट मला आणि मुलीला.

परत जाताना स्टँडवर ते म्हणाले, "आता तरी राग सोड."

"तुमच्यावरचा थोडा सोडलाय," मी म्हणाले.

तेवढंच खरं होतं. त्या खिडकीतल्या माणसावरचा नाही, छापील नमुना पुढं सरकवणाऱ्यावरचा नाही, दिरांवरचा तर नाहीच. गाडी सुटली आणि मी शाळेत गेले. तिसरा तास माझा होता.