इनामदारांच्या समाध्या

नदीकाठची सगळी काळी जमीन इनामदारांची. त्यांच्या बांधावरून जाताना आम्ही चपला हातात घ्यायचो. काल मात्र थोरले इनामदार, दादासाहेब, माझ्या दारात उभे होते. काठ कापत कापत नदी त्यांच्या पूर्वजांच्या समाध्यांपर्यंत आली होती.

"ताई, तुमच्या माळावर थोडी जागा द्याल? तेवढे दगड तरी हलवतो."

मागायची सवयच नसलेला तो आवाज मला ओळखू येईना.

"आणा की, दादासाहेब."

ते निघाले, पण माझ्या घराच्या ओल चढलेल्या जोत्यापाशी थबकले.

"यंदा पाणी इथवर आलं, तर तुम्ही कुठं जाणार?"

इतक्या वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणी तोंडातून काढला नव्हता.