ओटीवरचे तीन प्रश्न

वर्गाच्या नोंदींसाठी मी वही केली होती. आता तिच्यात धडे कमी आणि किस्सेच जास्त झालेत!

बंगळूरला शिकून शहापूरला परतले ती गाव बदलायच्या जिद्दीने. शेणव्याजवळच्या एका पाड्यात सात मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. दर शनिवारी एका ओटीवर मी त्यांना दोन गोष्टी शिकवते: मोबाईलवर आलेलं तपासणं आणि चारचौघांत बोलणं. तपासायला प्रश्न तीन. कोणी सांगितलं? कधीचं आहे? स्वतः पाहिलंय का?

*

वर्गातल्या किरणला म्हटलं, "बोलायला लाज वाटते ना? मग जे हसणार नाहीत त्यांच्यापुढे प्रॅक्टिस कर." पठ्ठ्याने आठवडाभर शेळ्यांपुढे केली. शनिवारी खणखणीत सुरुवात झाली: "पाणी हे जीवन आहे. हुर्र! भातात नको जाऊ गो! म्हणून पाणी जपून वापरा."

सगळं पाठ झालं होतं!

*

ग्रुपवर फोटो आला: 'आपल्या पाड्यात बिबट्या शिरला!' बायांनी पोरं घरात घेतली. फोटो मुळात कुठला ते शोधून दाखवायला मी लॅपटॉप उघडला, तर रेंजच नाही. तेवढ्यात नऊ वर्षांची सुमन म्हणाली, "ताई, बिबट्याच्या मागं फूटपाथ हाय. आपल्या पाड्यात फूटपाथ कवा झाला?"

*

एकदा मी ठासून सांगितलं, "स्टेजला घाबरण्यासारखं काही नसतंच!"

किरण म्हणाला, "ताई, स्वतः पाह्यलंय का?"

खरं सांगावं लागलं. कॉलेजात मी माईकपुढून रडत खाली उतरले होते. त्या दिवशी तन्वी पहिल्यांदा हसली.

*

ही तन्वी अकरा वर्षांची. वर्गात एक शब्द बोलायची नाही. तिच्या आबांनी मला बजावलं होतं, "भात झोडून झालं का ठेवा पोरांच्या भाषणांचा कार्यक्रम. सगळ्यांपुढं बोलली तर राहील घरी. नाय तर वसतिगृहात घालतो." तन्वीला घर सोडायचं नव्हतं.

कार्यक्रमाला अख्खा पाडा जमला. किरण बोलला, शेळ्यांशिवाय! तन्वी पुढे आली, माईककडे बघत उभी राहिली आणि तशीच मागे जाऊन बसली.

आबांनी माईक घेतला. "बघितलं? मी रोज घरी बघतो. ही पोरगी मोठ्यांपुढं तोंड उघडत नाय!"

मागून आवाज आला. "आबा, तुमी सकाळी रानात जाता, सांजला येता, जेवून झोपता. मंग बघितलं कवा?"

सगळे वळले. तन्वी उभी होती.

आबांनी माईक तिच्यापुढे धरला. "हां, बोल. पुढं?"

"पुढं काय? झालं माझं भाषण."